चौथ्या कॅमेऱ्याचं घड्याळ

हौकियार्वी,
२२ जुलै

ती. तुलिक्कीमावशीस,
इंकेरीचा सा. न. वि. वि.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की पहिल्या कॅमेऱ्यासमोरून जाणाऱ्या एल्क मादीला यंदा एकच पाडस आहे. ते चूक आहे. दोन आहेत. काल बॅटऱ्या बदलायला गेले, तेव्हा ओढ्याकाठच्या चिखलात लहान खुरांचे दोन माग शेजारीशेजारी दिसले. तो पहिला कॅमेरा एक फोटो काढला की पाच मिनिटं झोपतो. तसं मीच ठरवून दिलं आहे, नाहीतर वाऱ्यानं हलणाऱ्या गवताचेच हजार फोटो निघतात. मागे रेंगाळणारं दुसरं पाडस दर वेळी त्या झोपेत निघून जात होतं. तू ते पत्र तिथल्या नर्सबाईंना वाचून दाखवलं असशील, तर कृपा करून त्यांनाही सांग.

तुझं खुब्याचं हाड कसं आहे? मामा म्हणतो, तुलिक्की औलूच्या इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्यालाच कवायत शिकवत असणार. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलणं जमत नाही, तेव्हा पत्रंच बरी. टपाल आठवड्यातून तीनदाच निघतं, पण निघतं.

इकडे दलदलीत हिल्ला पिकायला लागली आहे. परवा मी आणि मामा अर्धी बादली वेचून आलो. फळं चांगली केशरी झाली आहेत, पण एक तोंडात टाकायला तोंडावरची जाळी वर करावी, तर फळाबरोबर दोन डासही आत जातात. आईचं नॉर्वेहून कार्ड आलं. मासळीच्या कारखान्यात तिला सप्टेंबरपर्यंत सुट्टी नाही. मी जेवते का, असं तिनं मामाला विचारलं आहे. मला विचारलेलं नाही.

आता अस्वलांचं. जूनअखेर हिल्काकाकूंच्या दोन मेंढ्या अस्वलानं मारल्या. तेव्हापासून काकू रोज संध्याकाळी आपल्या पायरीवर येऊन बसतात, कॉफी पितात आणि मामाला विचारतात की तुमचं ते शिकारमंडळ आहे की नुसतं कॉफीमंडळ. मामा मंडळाचा प्रमुख, त्यामुळे त्याला ऐकून घ्यावं लागतं. वीस ऑगस्टला अस्वलाची शिकार उघडते. बरोबर या वर्षीचं पिल्लू असेल तर आईला हात लावायचा नाही, हा कायदा. एकटं अस्वल चालतं.

माझ्या कॅमेऱ्यांत दोन अस्वलं आहेत. तिसरा कॅमेरा तळ्याच्या काठी आहे. तिथे आई आणि तिचं एक पिल्लू येतात, नेहमी रात्री दोन-अडीचला. दोघं पाण्याशी थांबतात. पिल्लू पाण्यात पंजा घालतं आणि स्वतःच उडवलेल्या पाण्याला घाबरून आईच्या पोटाखाली शिरतं. चौथा कॅमेरा वर टेकाडावर. तिथून एक एकटं, अंगानं मोठं अस्वल जातं, नेहमी दुपारी दोनच्या सुमारास. सध्या रात्रही दिवसासारखीच असल्यामुळे फोटो सगळे सारखेच उजळ येतात, पण वेळ खाली छापलेली असते. म्हणजे रात्री एक, दुपारी दुसरं.

गेल्या रविवारी मामा मला मंडळाच्या शेडमध्ये घेऊन गेला. वेइक्को म्हणाला, आली आपली सिनेमावाली, आता तिकिटं काढा. मामानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यानं मंडळाची वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, पाहिलंयस तू, तर लिहीपण तूच. मी लिहिलं: चौथा कॅमेरा, एकटं अस्वल, पिल्लू नाही, दिवसा फिरतं, तळ्यावरच्या आईपेक्षा वेगळं. खाली सही केली. नऊ बंदूकवाल्यांनी ते वाचलं आणि कोणी हसलं नाही. वेइक्कोसुद्धा गप्प उठला आणि कॉफीची किटली घासायला गेला. एल्कवरचा त्याचा नेम चुकला, तेव्हापासून किटली त्याच्याचकडे आहे. ज्याची चूक, त्यानं पुढच्याची चूक होईपर्यंत किटली घासायची, हा मंडळाचा नियम तुला माहीतच आहे.

मावशी, खरं सांगते, मला फार बरं वाटलं. शाळेत उशिरा गेलेली, कोणाशी धड न बोलणारी ताउनोची भाची, एवढीच माझी ओळख होती इथे.

काठी न घेता चालू नकोस. माझ्यावरचा लोभ दोन पाडसांएवढा वाढू दे.

तुझी,
इंकेरी

---

औलू,
२८ जुलै

चि. इंकेरीस,
पांढऱ्या खोलीतून हिरव्या जंगलाला अनेक आशीर्वाद.

तुझी दुरुस्ती नर्सबाईंना कळवली. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि दुसऱ्या पाडसाच्या नावानं मला एक बिस्कीट जास्त दिलं. आता रोज सकाळी गोळ्यांबरोबर त्या विचारतात, जंगलातून काही आलं का. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला ते पाण्याला घाबरणारं पिल्लू इतकं आवडलं आहे की तिनं त्याचं नाव ठेवायला घेतलं. मी म्हटलं, नाव नको ठेवूस बाई, नाव ठेवलं की काळजी सुरू होते.

मी आता कठडा धरून दारापर्यंत जाते. ताउनोला सांग, कवायत मी कोणाला शिकवत नाही. शिकवणारा मुलगा चांगला आहे, फक्त आकडे मोजताना नऊनंतर अकरा म्हणतो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वहीत लिहिलंस, सही केलीस, छान वाटलं हे वाचून मलाही छान वाटलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी तुला आठ वर्षं शिकवलं. तुला दम्यानं शाळेत जाता येत नव्हतं, आणि तेव्हा तुझ्या प्रत्येक वाक्यात एक 'बहुतेक' असायचं. दोन आणि दोन बहुतेक चार, असं तू एकदा लिहिलेलं मी जपून ठेवलं आहे. त्या मुलीनं नऊ माणसांसमोर 'बहुतेक' न लिहिता सही केली, म्हणजे ती मोठी झाली.

एकच विचारते, आणि हे म्हातारीचं डोकं रिकामं आहे म्हणून. पहिला कॅमेरा पाच मिनिटं झोपतो म्हणालीस. मग बाकीचे जागे असतात का?

हिल्का कॉफी पिऊन टोमणे मारते, म्हणजे तिचं बरं चाललं आहे. ती टोमणे मारायची थांबली की मला कळव. हिल्लाचा मुरंबा करशील तेव्हा साखर कमी घाल, आणि एक बरणी मी येईपर्यंत ताउनोच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेव. तो फळीच्या मागेही पाहतो.

मी आहे तशी आहे, तूही आहेस तशीच मला हवी आहेस, हे ध्यानात असू दे.

तुलिक्कीमावशी

---

हौकियार्वी,
७ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न.

माझं मागचं पत्र फाडू नकोस, पण त्यात चौथ्या कॅमेऱ्याबद्दल जे लिहिलं आहे ते काहीही खरं धरू नकोस.

तू विचारलंस, बाकीचे जागे असतात का. नाही, चारही कॅमेरे तसेच झोपतात. तरी तुझं पत्र वाचल्यावर मी स्वतःला समजावलं की दोन अस्वलांच्या वेळा वेगळ्या आहेत, तेव्हा झोपेचा प्रश्नच येत नाही. तशी मी आठवडाभर समजूत घालत बसले. काल टेकाडावर जाऊन कार्ड काढून आणलं आणि संगणकात घातलं. आता रात्री अंधार पडायला लागला आहे. अंधारात कॅमेरा करड्या रंगाचे फोटो काढतो, डोळे पांढरे चमकतात. मावशी, चौथ्या कॅमेऱ्यातलं एकटं अस्वल करडं होतं. डोळे पांढरे. आणि खाली वेळ छापली होती, दुपारचे दोन वाजून चार मिनिटं.

मी पुन्हा टेकाडावर गेले आणि कॅमेरा उघडला. तो जुना, परदेशात बनलेला. आपण दिवसाचे तास चोवीसपर्यंत मोजतो. दुपारी सव्वादोनला आपण चौदा पंधरा म्हणतो. तो कॅमेरा बाराच तास मोजतो, आणि दिवस की रात्र ते कोपऱ्यातल्या दोन बारीक अक्षरांनी सांगतो. जूनमध्ये मी तो झाडाला बांधला तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते. मी दोन पंधरा लावले, आणि अक्षरांकडे पाहिलंच नाही. तेव्हापासून त्याची रात्र म्हणजे दुपार आणि दुपार म्हणजे रात्र. जुलैत उजेड तेवढाच, म्हणून कळलं नाही.

मग दोन्ही कॅमेऱ्यांच्या वेळा मी कागदावर शेजारीशेजारी लिहून काढल्या. टेकाडावर एकटं अस्वल, आणि त्यानंतर सुमारे बारा तास वीस मिनिटांनी तळ्यावर आई आणि पिल्लू. अकराही वेळा तसंच. बारा तास घड्याळाचे. वीस मिनिटं टेकाडावरून तळ्यापर्यंतच्या चालण्याची. अस्वल एकच आहे. टेकाडावर पिल्लू तिच्या मागे असतं आणि माझा कॅमेरा झोपलेला असतो. मोठं दिसलं, कारण मी कॅमेरा खाली बुंध्याशी बांधला आहे.

वीस तारखेला पहाटे मंडळ कुत्री टेकाडावरूनच सोडणार आहे. शिकाऱ्यानं पिल्लू आहे का ते स्वतः पाहायचं असतं, हे मला माहीत आहे. मी काल रात्रभर त्याच वाक्याला धरून बसायचा प्रयत्न केला. पण कुत्री भुंकायला लागली की पिल्लू झाडावर चढतं, आई खाली एकटी उभी राहते, आणि ज्यानं नेम धरला आहे त्याच्या डोक्यात माझं अक्षर असतं: पिल्लू नाही.

मामाला सांगायला दोनदा गेले. एकदा तो होडीला डांबर लावत होता. एकदा हिल्काकाकू बसल्या होत्या आणि सांगत होत्या की उरलेल्या मेंढ्या आता गोठ्याच्या दारातून बाहेरच पडत नाहीत. त्या टोमणा न मारता सांगत होत्या, म्हणून तुला कळवते. मामानं सगळ्यांसमोर माझ्यावर भरवसा ठेवला. मी चुकले की तो चुकला, आणि पुढे कोणीही शेडमध्ये मला वही देणार नाही. हे लिहायला लाज वाटते, पण मेंढ्यांच्या आणि पिल्लाच्या आधी मला हेच सुचलं.

मला दोन मार्ग दिसतात. वहीचं ते पान हळूच काढून त्याच तारखेचं नवीन पान लिहायचं. वही आपल्याच घरी असते. किंवा मामाला एवढंच म्हणायचं की यंदा कुत्री दुसरीकडून सोड, कारण विचारू नकोस. तू सांग कोणता. लवकर सांग.

मुरंबा केला. बरणी कुठे ठेवली ते पत्रात लिहीत नाही.

माझ्यावर रागावलीस तरी पत्र लिहीत राहा, एवढंच मागणं.

इंकेरी

---

औलू,
११ ऑगस्ट

चि. इंकेरीस,
आशीर्वाद, आणि आधी दोन घास खाऊन मग पुढचं वाच.

दोन्ही मार्ग तुझे नाहीत. तुलाही ते माहीत आहे, नाहीतर तू मला विचारलं नसतंस. टेबलाशी आपला नियम काय होता? खोडरबर मी तुला दिलाच नव्हता. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं आणि बाजूला तारीख घालायची. तू सात वर्षांची असताना रडत विचारलंस की चूक दिसत राहिली तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं होतं, लोक म्हणतील की ही मुलगी आपलंच लिहिलेलं पुन्हा वाचते.

आता एक गोष्ट सांगते. चाळीस वर्षांवर झाली, मी कोणाला सांगितलेली नाही. ताउनो एकोणीस वर्षांचा होता. त्यानं पहिलं अस्वल मारलं, सगळ्या गावानं त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि दुसऱ्या दिवशी मी शेण टाकायला गोठ्यामागे गेले तेव्हा जंगलातून रडण्याचा आवाज आला. पिल्लू रडतं ते माणसाच्या पोरासारखं, तुला ऐकायची वेळ न येवो. ताउनो सात दिवस दूध घेऊन जंगलात जात होता. सापडलं नाही. आठव्या दिवशी आवाज थांबला. त्यानं पिल्लू पाहिलं नव्हतं, म्हणून कोणी त्याला चूक म्हटलं नाही. कोणाला कळलंच नाही. त्याच्या हाती किटली कधी आली नाही.

तू मंडळात नवी आहेस, तुझ्या लक्षात आलं नसेल. किटली त्या वर्षी कोणाकडेही असो, शिकार उघडायच्या आदल्या दिवशी ताउनो ती स्वतः घरी आणतो आणि वाळूनं घासतो. लोक म्हणतात, ताउनोला दुसऱ्याची घासलेली पसंत पडत नाही. पडत नसेलही. पण दर वर्षी, त्याच दिवशी.

त्यानं वही तुझ्यापुढे सरकवली ती तुझं कौतुक करायला नव्हे, पोरी. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

तेव्हा आधी त्याला सांग, कारण तो तुझा मामा आहे आणि त्याला लोकांसमोर ऐकावं लागू नये. मग रेघ मार, जिथे लिहिलंस तिथे आणि ज्यांनी वाचलं त्यांच्यासमोर. आणि मी सांगितलेली गोष्ट त्याच्यापुढे काढू नकोस. ती त्याची आहे.

हिल्कासाठीही काहीतरी घेऊन जा. आपल्या माळ्यावर विजेच्या कुंपणाचे खांब पडले आहेत, आपल्या गाईंच्या वेळचे. नुसतं बरोबर असणं पुरत नाही, तिच्या मेंढ्यांनाही रात्र काढायची आहे.

रागावले नाही. दोन आणि दोन चार, बहुतेक नाही, नक्की.

तुझीच,
मावशी

---

हौकियार्वी,
१५ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि., आणि यात दुरुस्ती एकही नाही असं मी दोनदा वाचून पाहिलं आहे.

तुझं पत्र बुधवारी आलं. त्याआधी, मंगळवारी, मी टेकाडावरच्या कॅमेऱ्याची झोप पाच मिनिटांवरून पाच सेकंदांवर आणली होती आणि घड्याळ सरळ केलं होतं. नुसता हिशेब घेऊन कोणासमोर उभं राहायचं मला धैर्य नव्हतं. गुरुवारी कार्ड आणलं. गवताचे चारशे बारा फोटो, दोन रेनडियर, एक ससा, आणि मग ती. एक वाजून पन्नास मिनिटं, रात्रीचे. त्यानंतर सव्वीस सेकंदांनी पिल्लू. तोंडात एक काटकी धरून चाललं आहे. शेजारच्या खाटेवरच्या आजींना सांग, नाव ठेवायला हरकत नाही.

आज सकाळी मामाबरोबर जाळी उचलायला गेले. तळं अगदी शांत होतं. होडी मधोमध आल्यावर मी सगळं सांगितलं, घड्याळ, झोप, अकरा वेळा, काटकी. मधे थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाही. मामा जाळीतून मासे सोडवत राहिला. एक, मग दुसरा. मला वाटलं त्याला ऐकूच गेलं नाही, आणि सगळं पुन्हा सांगावं लागणार. मग त्यानं विचारलं, पिल्लू केवढं आहे. मी हातानं दाखवलं. तो माझ्या दोन हातांमधल्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिला, मी हात खाली घेतल्यावरही.

मग म्हणाला की कुत्री टेकाडावर जाणार नाहीत, ते त्याचं काम. वही मात्र तो उघडणार नाही. अक्षर तुझं, तर रेघपण तूच मार. मी म्हटलं, मारते. वेइक्को काय म्हणेल तेही मी बोलून दाखवलं. मामा म्हणाला, वेइक्को म्हणेल सिनेमा उलटा लागला होता, आणि हे तो निदान तीन वर्षं म्हणेल, तेव्हा आत्ताच हसून घे. किटली आता माझ्याकडे येणार, हेही मी म्हटलं. तेव्हा मामानं वल्ही उचलली, पण मारली नाहीत.

"यंदा दोघं मिळून घासू," तो म्हणाला. "वाळू कुठली घ्यायची ते तुला दाखवतो."

ती जुनी गोष्ट मी काढली नाही. तू सांगितलं होतंस तसं.

दुपारी माळ्यावरून कुंपणाचे खांब काढले. एकोणतीस आहेत, चार वाकलेले. मामानं बॅटरी तपासली, चालते. ते घेऊन आम्ही हिल्काकाकूंकडे गेलो. मी दारातच सांगून टाकलं की मेंढ्या मारणारं अस्वल यंदा कोणी मारणार नाही, कारण ती आई आहे, आणि मी चुकीचं लिहिलं होतं. त्यांचा राग खरा आहे आणि तो माझ्यावर आहे, ते मी कमी करून लिहीत नाही. त्या म्हणाल्या, माझ्या मेंढ्यापण आयाच होत्या. मग त्यांनी खांब मोजले, वाकलेले चार वेगळे काढले, आणि म्हणाल्या की आता आलाच आहात तर तळ्याकडची बाजू आधी घ्या, ती तिकडूनच येते. संध्याकाळपर्यंत तीन बाजू झाल्या. चौथी उद्या. निघताना त्यांनी कॉफी विचारली नाही, पण रविवारी शेडमध्ये येणार का, हे विचारलं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मीपण येईन, बघू कशी रेघ मारतेस.

शिकार उघडण्याआधीची मंडळाची शेवटची बैठक रविवारीच आहे. नऊही जण असतील. लाल पेन घेऊ की निळं, यावर मी आज अर्धा तास घालवला, मग आठवलं की तू नेहमी ज्या शाईनं चूक केली तीच शाई घ्यायला लावायचीस. निळं घेतलं आहे. दोन्ही फोटो गावातल्या वाचनालयातून छापून आणले, वहीत चिकटवायला. वर काय लिहायचं तेही ठरवलं आहे: चौथा कॅमेरा, आई आणि पिल्लू, घड्याळ माझ्याकडून बारा तास चुकलं होतं. 'बहुतेक' नाही.

हे पत्र तुला सोमवारी-मंगळवारी मिळेल, तोवर रेघ मारून झालेली असेल. रेघ वाकडी आली तरी खालचं वाचता येईल एवढी बारीक ठेवीन. या एका चुकीसकट मला आपली समज, आणि काठी घेऊन लवकर घरी ये. बरणी अजून सापडलेली नाही त्याला.

तुझी,
इंकेरी

ता. क. नर्सबाई विचारतील म्हणून नेमकं लिहिते: रविवार, १७ ऑगस्ट, बारा वाजता. दुपारचे.